विश्लेषण : संशोधकाचे ‘कोरडे’ वर्ष खरेच वाया जाते का?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली. २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मान्यता मिळाली ती एप्रिल २०२३ मध्ये. काम पूर्ण करण्याचे उद्दिष्ट २०३० चे आहे. म्हणजे पहिल्या मंजुरीपासून पहिल्या निरीक्षणापर्यंत किमान १४ वर्षे. एवढ्या काळात वेधशाळेच्या नावावर एकही लहर जमा होणार नाही आणि त्याबद्दल कोणी शास्त्रज्ञांना जाब विचारणार नाही. विचारूही नये.

पण याच जिल्ह्यातील महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला दरवर्षी एक तक्ता भरावा लागतो. यंदा किती शोधनिबंध? किती परिषदा? एखाद्या वर्षी रकान्यात शून्य पडले की ते वर्ष वाया गेले, असा शेरा न लिहिताही बसतो. मोठ्या प्रकल्पाला मिळणारा धीर एकट्या संशोधकाला का मिळत नाही, हा प्रश्न म्हणूनच हिंगोलीत बसून विचारण्यासारखा आहे.

मूळ लायगोने किती वाट पाहिली?

या कहाणीची सुरुवात वर्गात झाली. अमेरिकेतील एमआयटीमध्ये रायनर वाइस १९६० च्या दशकाच्या अखेरीस सापेक्षतावाद शिकवत होते. गुरुत्वीय लहरी मोजता येतील का, हे विद्यार्थ्यांना समजावताना त्यांनी लेझर किरण आणि आरशांची एक कल्पना मांडली. १९७२ मध्ये त्यांनी तिचा तपशीलवार आराखडा लिहिला. तो कुठल्या नामवंत नियतकालिकात आला नाही. संस्थेच्या अंतर्गत त्रैमासिक अहवालात छापला गेला. आजच्या भाषेत त्याला ‘गुण’ मिळाले नसते.

त्यानंतरचा काळ पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळाने बांधकामाला मान्यता दिली १९९० मध्ये. बांधकाम सुरू झाले १९९४ मध्ये. निरीक्षणे सुरू झाली २००२ मध्ये. २०१० पर्यंत यंत्र चालले आणि या काळात एकही गुरुत्वीय लहर सापडली नाही. मग यंत्र बंद करून अधिक संवेदनशील उपकरणे बसवली गेली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला संकेत मिळाला. दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा हा संकेत यंत्रात जेमतेम एका सेकंदाच्या पाचव्या भागाइतका वेळ दिसला. आराखडा ते संकेत हे अंतर ४३ वर्षांचे. २०१७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळाले.

मग २००२ ते २०१० ही वर्षे वाया गेली का?

नाही, आणि मुद्दा इथेच आहे. त्या वर्षांत शास्त्रज्ञांनी यंत्रातला गोंगाट ओळखायला शिकून घेतले. जमिनीची थरथर, दूरच्या समुद्राच्या लाटा, शेजारून जाणारा ट्रक यांतून खरा संकेत वेगळा कसा काढायचा, याच्या पद्धती बसवल्या. ‘काही सापडले नाही’ यातूनही माहिती मिळाली.

१ फेब्रुवारी २००७ रोजी देवयानी दीर्घिकेच्या दिशेने गॅमा किरणांचा एक स्फोट नोंदवला गेला. तो त्या दीर्घिकेतील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेतून झाला असता, तर लायगोला संकेत मिळायला हवा होता. तो मिळाला नाही. त्यामुळे एक शक्यता बाद झाली. विज्ञानात शक्यता बाद होणे हेही काम पुढे जाणेच असते. २०१५ चा संकेत काही मिनिटांत ओळखता आला आणि महिन्यांच्या पडताळणीनंतर जगापुढे ठेवता आला, त्यामागे या आठ ‘कोरड्या’ वर्षांचा सराव होता.

भारतीय संशोधकांचा अनुभव काय सांगतो?

सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवले की कृष्णविवराला धक्का बसला तर ते घंटेसारखे क्षणभर निनादते आणि शांत होते. तेव्हा कृष्णविवरे प्रत्यक्षात असतात का, याबद्दलही खात्री नव्हती. पुढे विश्वेश्वरा बंगळूरुच्या जवाहरलाल नेहरू तारांगणाचे संस्थापक संचालक झाले, मुलांना आकाश दाखवण्यात रमले. ४५ वर्षांनी लायगोच्या संकेताच्या शेवटी तोच निनाद दिसला. जानेवारी २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी त्यांना हे पाहता आले.

पुण्यातील आयुकाचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. गोंगाटात दडलेली लहर शोधायची तर तिचे संभाव्य नमुने आधी गणिताने तयार ठेवावे लागतात. ते नमुने कसे निवडायचे, किती ठेवायचे, हा त्यांचा विषय होता. तेव्हा लायगोचे बांधकामही सुरू झाले नव्हते. त्या कामाचा कस लागायला जवळपास पाव शतक जावे लागले.

यातून एक गोष्ट दिसते. काम करण्याचे वर्ष, ते छापून येण्याचे वर्ष आणि त्याचे महत्त्व कळण्याचे वर्ष ही तीन वेगळी वर्षे असू शकतात. वार्षिक तक्त्यात यांपैकी फक्त मधले वर्ष मोजले जाते.

संशोधनाची गती असमान का असते?

पहिले कारण कामाच्या स्वरूपात आहे. प्रश्न नीट कळण्यात वेळ जातो, साधन जुळवण्यात जातो, चुकीच्या वाटेने जाऊन परत येण्यात जातो. मग एखाद्या वर्षी तीन-चार निबंध एकदम बाहेर पडतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, आता कुठे हा माणूस कामाला लागला.

दुसरे कारण माणसाच्या आयुष्यात आहे. लग्न, बाळंतपण, आईवडिलांचे आजारपण, बदली, नवी जबाबदारी. तिसरे कारण संस्थेत आहे. अनुदान उशिरा येणे, उपकरण बंद पडणे, रिक्त जागांमुळे वाढलेले तास.

याबद्दल जगात बराच अभ्यास झाला आहे. तरुणपणी कामाचा वेग झपाट्याने वाढतो आणि नंतर हळूहळू उतरतो, असा एक रूढ समज आहे. २०१७ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील संगणकशास्त्राच्या २,४५३ प्राध्यापकांच्या प्रकाशनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा रूढ आलेख त्यांपैकी सुमारे पाचव्या भागालाच लागू पडला. बाकीच्यांचे आलेख नाना तऱ्हेचे होते. कोणाचा वेग उशिरा वाढला, कोणाचा मध्येच थांबून पुन्हा वाढला.

त्याआधी २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की शास्त्रज्ञाचा सर्वात प्रभावी निबंध त्याच्या कामांच्या क्रमात कुठेही येऊ शकतो. पहिला असू शकतो, शेवटचाही. त्यामुळे एखाद्या दोन वर्षांच्या तुकड्यावरून माणसाची कुवत ठरवणे म्हणजे भरवशाचे माप सोडून नुसता अंदाज बांधणे आहे.

हिंगोलीतल्या प्राध्यापकाचे वर्ष कसे जाते?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. त्याशिवाय तयारी, प्रात्यक्षिके, प्रवेश, परीक्षा, उत्तरपत्रिका, मूल्यांकनाची कागदपत्रे आणि निवडणुकीची कामे. संशोधनाला उरतात त्या सुट्या.

आता वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिकेचा विचार करा. तिला जिल्ह्यातील रानवनस्पतींची नोंद करायची आहे. या वनस्पती उगवतात आणि फुलतात पावसाळ्यात. नेमके तेव्हाच प्रवेश सुरू असतात आणि पहिले सत्र भरात असते. पावसाळा हुकला की पुढची संधी एक वर्षाने. पाऊस लांबला तर तीही हातची जाते. तीन हंगामांची नोंद हवी असेल आणि एक हंगाम हुकला, तर निबंध चौथ्या वर्षानंतरच निघणार. मधली वर्षे तक्त्यात शून्य दिसतील.

इतिहासाच्या शिक्षकाची गत वेगळी नाही. मोडी कागद वाचायला शिकण्यात वर्ष जाते, कागद असलेल्या घराचा विश्वास मिळवण्यात दुसरे. लोकगीते गोळा करणाऱ्या मराठीच्या शिक्षिकेला गावोगाव फिरून वयस्कर बायकांना बोलते करावे लागते. यातल्या कशाचाही निबंध डिसेंबरपूर्वी हवा म्हणून डिसेंबरपूर्वी तयार होत नाही.

आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांचे काय? त्यांना शिकवलेल्या तासांचे पैसे मिळतात. संशोधनाचा तास त्यांच्या बिलात धरला जात नाही. कोरडे वर्ष सोसायला मागे कायमचा पगार लागतो. वाइस यांच्याकडे प्राध्यापकाची पक्की नोकरी होती. दुसऱ्या वर्षीचे काम मिळेल की नाही याची खात्री नसलेला तरुण लांब पल्ल्याचा प्रश्न हाती घेणारच कसा? तो लवकर संपणारा प्रश्न निवडतो. संशोधनातली विषमता बरीचशी इथून सुरू होते.

गुणांची पद्धत नेमके काय मोजते?

२०१८ च्या नियमावलीत थेट भरतीसाठी सहयोगी प्राध्यापकाला किमान ७ प्रकाशने आणि ७५ संशोधन गुण, तर प्राध्यापकाला किमान १० प्रकाशने आणि १२० गुण लागतात. विज्ञानातील निबंधाला ८ गुण, भाषा आणि मानव्यशास्त्रातील निबंधाला १०. नियतकालिकाच्या प्रभावांकानुसार त्यात ५ ते ३० गुणांची भर पडते.

आता हिशेब करा. एका संशोधकाने चार वर्षे एकाच प्रश्नावर काम करून ५ ते १० प्रभावांकाच्या नियतकालिकात एक निबंध छापला. त्याचे गुण ८ अधिक २५, म्हणजे ३३. दुसऱ्याने त्याच काळात दरवर्षी एक साधा निबंध प्रभावांक नसलेल्या नियतकालिकात दिला. प्रत्येकी ८ अधिक ५, म्हणजे चारांचे ५२. पद्धत कोणाच्या बाजूने झुकते, हे सांगायला नको.

सहलेखकांचा नियमही पाहण्यासारखा आहे. दोनपेक्षा अधिक लेखक असतील तर प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के गुण. गुरुत्वीय लहरींच्या शोधाचा २०१६ चा निबंध एक हजाराहून अधिक जणांच्या नावावर आहे आणि नावे वर्णानुक्रमे आहेत. अशा कामातला वाटा या टक्केवारीत बसवायचा कसा? उद्या औंढ्याच्या वेधशाळेत काम करणाऱ्या जिल्ह्यातील तरुणांपुढे हाच प्रश्न येणार आहे.

याचा परिणाम सगळ्यांनी पाहिला आहे. एका कामाचे चार तुकडे करून चार निबंध करायचे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके शोधायची. त्यांना आळा घालण्यासाठी आयोगाने ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी आणली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करत असल्याचे जाहीर झाले. यादी असो वा नसो, दरवर्षी आकडा मागितला जाईल तोवर आकडा पुरवणारा बाजारही राहील.

मग मोजायचेच नाही का?

इथे दुसरी बाजू ऐकली पाहिजे. सार्वजनिक पैशातून पगार घेणाऱ्याने कामाचा हिशेब दिलाच पाहिजे. ‘चिंतन सुरू आहे’ म्हणत वीस वर्षे काढणारे लोक आहेत, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये विचारले तरी कळेल. आकड्यांची पद्धत आली त्यामागे हेही कारण होते. ओळखीपाळखीवर होणाऱ्या बढत्यांपेक्षा गुण बरे, असे अनेक प्रामाणिक शिक्षकांना वाटते आणि ते अगदीच चूक नाही.

म्हणून प्रश्न मोजावे की नाही हा नाही. किती काळाने मोजावे आणि काय मोजावे, हा आहे. हिंगोलीच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत हाती येते. हळदीला आठ-नऊ महिने लागतात आणि काढणीनंतर शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे असतेच. सोयाबीन निघते तेव्हा हळदीच्या वावरात फक्त पाने दिसतात. म्हणून कोणी हळद मोडत नाही. पण पाण्याविना पिवळी पडलेली हळद आणि जोमात असलेली हळद यांतला फरक बांधावरूनही कळतो. संशोधनातही तो कळू शकतो, बघणाऱ्याने बांधापर्यंत यायला हवे.

कोरड्या वर्षात काम झाल्याच्या खुणा राहतात. तारखा घातलेली नोंदवही, गोळा केलेले नमुने, फसलेल्या प्रयोगांची टिपणे, लिहिलेला संगणक कार्यक्रम, विद्यार्थ्यांचे प्रकल्प. यांपैकी काहीच नसेल, तर वर्ष खरोखर रिकामे गेले. हे असेल, तर शून्य हा आकडा खोटा आहे.

काय बदलता येईल?

एक, मूल्यमापन पाच वर्षांच्या कालखंडाचे असावे आणि त्यात संशोधकाने स्वतः निवडलेली तीन कामे वाचली जावीत. मोजण्याऐवजी वाचण्याला वेळ लागतो, पण बढती आयुष्यात तीन-चारदाच होते. अमेरिकेतील एका अभ्यासाने दोन अनुदान पद्धतींची तुलना केली आहे. हॉवर्ड ह्यूज संस्था दीर्घ मुदतीचे अनुदान देते आणि सुरुवातीचे अपयश सोसते. राष्ट्रीय आरोग्य संस्थेची अनुदाने तुलनेने लहान मुदतीची आणि ठरीव उद्दिष्टांना बांधलेली. पहिल्या गटातून फार मोठ्या प्रभावाचे निबंध अधिक आले. फसलेले प्रयत्नही अधिक निघाले. दोन्ही एकत्रच येतात, हे धोरण ठरवणाऱ्यांनी मान्य करायला हवे.

दोन, वार्षिक अहवालात ‘चालू काम’ असा रकाना असावा. त्यात काय केले, काय फसले आणि पुढे काय, हे अर्ध्या पानात लिहिता यावे. नकारात्मक निष्कर्षांनाही तिथे जागा मिळेल.

तीन, कामाचे वेळापत्रक लवचीक असावे. पावसाळ्यात क्षेत्रीय काम असलेल्या शिक्षिकेला पहिल्या सत्रात कमी आणि दुसऱ्या सत्रात जास्त तास देता येतात. त्यासाठी नवा निधी लागत नाही, प्राचार्य आणि विभागाची समजूत लागते.

चार, तासिका तत्त्वावरील शिक्षकांना संशोधनाचे काही मानधन हवे. नाहीतर त्यांच्याकडून निबंधांची अपेक्षा तरी धरू नये.

चांगल्या दिशेने काही पावले पडली आहेत. २०२२ च्या पीएचडी नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली. पीएचडीला सहा वर्षांची मुदत, फेरनोंदणीने आणखी दोन वर्षे आणि महिला संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळते. पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेचीही सोय आहे. आयुष्यात कामाचा वेग बदलतो, हे नियमाने मान्य केले. मात्र हीच समज नोकरी लागल्यानंतरच्या नियमांत हवी. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या भरती नियमांच्या मसुद्यात गुणांच्या बेरजेऐवजी ‘उल्लेखनीय योगदान’ पाहण्याचा विचार मांडला गेला. विचार योग्य आहे. पण योगदान उल्लेखनीय आहे हे ठरवणारी माणसे विषय जाणणारी आणि निःपक्ष असतील याची हमी नसेल, तर जुनी ओळखपाळख नव्या नावाने परत येईल.

जिल्ह्याशी याचा संबंध काय?

लायगो-इंडिया पुढच्या काही वर्षांत हिंगोलीतल्या मुलामुलींना विज्ञानाकडे ओढेल. त्यातली काही पीएचडी करतील, काही इथल्याच महाविद्यालयांत शिकवतील. त्यांना वेधशाळेच्या भेटीत सांगितले जाईल, की इथे धीर धरावा लागतो. मग ती नोकरीला लागतील आणि त्यांच्या हातात वार्षिक तक्ता दिला जाईल. पहिल्या धड्यावर विश्वास ठेवायचा की दुसऱ्या, हे त्यांनी एकट्याने ठरवायचे का?

तोवर एक गोष्ट प्रत्येक महाविद्यालयाला आजही करता येईल. एखाद्या सहकाऱ्याच्या रकान्यात शून्य दिसले, तर शेरा मारण्याआधी त्याला एकदा विचारावे, ‘सर, सध्या कशावर काम चालू आहे?’ त्याच्याकडे दाखवायला नोंदवही असेल, तर ती वाचायला अर्धा तास काढावा.